टोपीवरचे तीन दिवे

टीव्हीचा रिमोट मी फोडलाय, हे तात्यांना कळायला दोन दिवस लागले. दोन दिवस ते बिचारे सेल बदलत होते, रिमोट मांडीवर आपटत होते, टीव्हीच्या अगदी तोंडाशी जाऊन बटणं दाबत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी रिमोट उलटा करून बघितला, तर पुढचा बारका दिवा जागेवर नाही.

"निवास, ह्येचा डोळा कुठं गेला रं?"

मी सोप्यात कॉम्प्युटरपुढं बसलो होतो. डोक्यावर क्रिकेटची जुनी टोपी, टोपीवर तारेचा त्रिकोण आणि त्रिकोणाच्या टोकांना तीन दिवे. त्यातला एक आमच्या रिमोटचा, एक झाकीरच्या फोटो स्टुडिओतल्या रिमोटचा आणि एक केबलवाल्याकडून मागून आणलेला. खोटं बोलायला जागाच नव्हती.

"हा काय," मी टोपीकडं बोट दाखवलं.

तात्यांनी माझ्याकडं बघितलं, मग रिमोटकडं बघितलं. "सत्तावीस वर्साचा घोडा झालास," ते म्हणाले, "आन् डोस्क्याला रिमोट बांधून बसलाईस. पोरगी दाखवाय कोण येणार हाय तुला?"

"तात्या, विमानात बसल्यावर डावी-उजवीकडं बघता यायला पाहिजे का नको? आपण मान वळवली की पडद्यावरचं पण वळतं. ह्या तीन दिव्यांवरनं कॅमेऱ्याला कळतं डोकं कुठं वळलं ते."

"कुठं लागल्यात दिवं?"

"लागलेत. डोळ्याला दिसत नाहीत." मी मोबाइलचा कॅमेरा टोपीपुढं धरला. मोबाइलच्या काचेत तीन जांभळे ठिपके चमकले. तात्यांनी एकदा मोबाइलमधून, एकदा मोबाइलच्या कडेनं असं चार वेळा बघितलं. त्यांचा राग तिथंच गेला. यंत्र दिसलं की त्यांचं असंच व्हायचं.

कऱ्हाडातला २०१४ सालचा मे महिना होता तो. मी सकाळी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो आणि दुपारभर घरी कॉम्प्युटरवरच्या खेळातली विमानं उडवायचो. तात्यांना शाळेची सुट्टी होती. सुट्टी त्यांना, कारण नऊ वर्षं ते शाळेची व्हॅन चालवत होते. त्याआधी बावीस वर्षं ट्रक. एकतीस वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही, हे ते जेवताना, पाहुण्यांत, न्हाव्याच्या खुर्चीत, कुठंही सांगायचे. हिंदुराव ड्रायव्हरच्या गाडीत पोरगं बसवलं की आयाबाया निर्धास्त. त्या जूनपासून तर ते सतरा सीटची नवी गाडी घेणार होते. शाळेनं होकार दिला होता, गाडीचा रंगही ठरला होता. पुढच्या काचेवर काय लिहायचं यावर मात्र घरात रोज भांडण. तात्यांना 'मातृपितृ कृपा' पाहिजे होतं. आई म्हणायची, "त्येंची कृपा असती तर तुमी कलेक्टर झाला असता."

आई वर्षभर त्या व्हॅनवर जात होती. पोरांना चढवायला-उतरवायला बाईमाणूस पाहिजे असा शाळेचा आग्रह होता आणि घरात बसून कंटाळा येतो असं तिचं म्हणणं. मी एकदाच त्यांच्याबरोबर गेलो होतो, तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली होती. पोरं सांभाळणाऱ्या मावशीनं मागं पोरांत बसायचं, तर ही पुढं तात्यांशेजारी. आणि तोंडाचा पट्टा चालूच. "सायकल. म्हस हाय. थांबा, रिक्षा. हां, मोकळं हाय, वळा."

"आई, गाडी तात्या चालवतात का तू?" मी विचारलं होतं.

"तिच्या तोंडाला कुलूप न्हाई," तात्या म्हणाले होते. आई बाहेर बघत राहिली होती. मागची एक चिमुरडी माझ्या कानात कुजबुजली होती, "दादा, ह्या मावशी आमच्याशी कद्धी बोलत नाहीत."

असो. विमानाकडं येतो.

माझं यंत्र घरगुतीच होतं. बाजारात असली वस्तू तयार मिळते, पण मग त्यात आपलं काय राहिलं? जुना वेबकॅम उघडला, भिंगामागची लालसर काच चाकूच्या टोकानं काढून टाकली. साधा उजेड अडवून फक्त ह्या दिव्यांचा न दिसणारा उजेड आत यावा म्हणून कॅमेऱ्यावर काळी निगेटिव्ह लावायची होती. त्यासाठी झाकीरकडं गेलो. त्याच्या माळ्यावर निगेटिव्हची खोकीच्या खोकी पडलेली.

"कुणाच्या लग्नाची देऊ?" त्यानं विचारलं.

"लग्न नको. ज्यात काहीच नाही असली काळी दे."

"मग रोलचं शेपूट घे भावा. ह्यात कुणीच न्हाई, बिनघोर काप."

कॅमेऱ्याला आता खोली दिसत नव्हती, मी दिसत नव्हतो, दिसत होते फक्त तीन ठिपके. ते बघून पडद्याच्या कोपऱ्यातला एक गुलाबी ऑक्टोपस माझ्याबरोबर डोकं हलवायचा आणि त्याच्याखाली किती अंश वळलं त्याचा आकडा यायचा. पहिला दिवस झकास गेला. दिवेलागणीला मात्र विमान पिसाळलं. मी समोर बघतोय आणि पडदा छताकडं, मग शेपटीकडं, मग जमिनीकडं. तारा तपासल्या, सेल बदलले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बरोबर सात वाजता तेच. शेवटी कारण सापडलं ते माझ्या पाठीमागं, देव्हाऱ्यात. आईनं समई लावली की कॅमेऱ्याला तिची ज्योत चौथा दिवा म्हणून दिसायची. ट्यूबलाइटचा उजेड ती निगेटिव्ह अडवत होती, पण ज्योतीचा नाही.

"आई, समई जरा कोपऱ्यात लावतीस?"

"देवाला उठवून कुठं बशीवू?" ती म्हणाली. "तुज्या इमानाला हलीव."

मी टेबल फिरवून भिंतीला लावलं. पण त्या समईमुळं माझ्या मनात एक पक्कं बसलं, की यंत्र चुकलं तर आसपासचं काहीतरी नडलेलं असतं.

तात्यांना विमानात बसायचं होतं, पण मागणार कसे? दोन दिवस माझ्या मागून घुटमळले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "त्यातनं आपलं कऱ्हाड दिसतंय का रं?"

मी त्यांना माझ्या फिरत्या खुर्चीत बसवलं. पोरासोरांची टोपी घालणार नाही म्हणाले, म्हणून आईनं तो तारेचा त्रिकोण त्यांच्या पांढऱ्या टोपीवर चार टाके घालून बसवला. विमान वर चढलं. खाली हायवे, उसाचे हिरवे तुकडे, मग दोन नद्या एकमेकींना भेटताना दिसल्या.

"कृष्णा-कोयना!" तात्या ओरडले. "अगं ये की, संगम बघ!"

आई शेंगांचं सूप घेऊन आली आणि त्यांच्या डाव्या हाताला खाली बसून शेंगा फोडायला लागली. एकतीस वर्षं स्टिअरिंग धरलेले हात, विमान सरळ ठेवायला त्यांना दहा मिनिटं पुरली. अडलं ते उतरण्यात. धावपट्टीला डावा वळसा घालून उतरायचं असतं. पट्टी आपल्या डाव्या हाताला ठेवून समांतर पुढं जायचं आणि डाव्या खांद्यावरून मागं बघत राहायचं. पट्टीचं टोक खांद्यामागं गेलं की वळायचं. तात्या वळायचेच नाहीत. सरळ पुढं निघून जायचे, पार साताऱ्याच्या वाटेला.

"तात्या, डावीकडं मागं बघा."

त्यांनी पायांनी खुर्चीच फिरवली. सगळेच्या सगळे डावीकडं तोंड करून बसले, पडदा राहिला उजवीकडं.

"खुर्ची नका फिरवू. मान फिरवा."

"फिरीवतोय की."

मी फिरती खुर्ची काढून प्लास्टिकची साधी खुर्ची दिली. आता कोपऱ्यातला ऑक्टोपस उजवीकडं छान वळला. आकडा आला अठ्ठेचाळीस. डावीकडं वळताना मात्र तो मधेच अडकला. अकरा. पुन्हा सांगितलं, पुन्हा अकरा.

"यंत्रात घोळ आहे," मी म्हणालो.

मग माझी शोधमोहीम सुरू झाली. समई विझलेली होती, दुपारचे तीन वाजलेले. खिडकीतून ऊन येत असेल म्हणून चादर लावली. अकरा. कॅमेरा वाकडा असेल म्हणून सरळ केला. अकरा. आईचे टाके सैल असतील, टोपी डोक्यावर घसरत असेल, असं वाटून त्रिकोण पुन्हा माझ्या टोपीवर बांधला आणि ती टोपी तात्यांना जबरदस्तीनं घातली. अकरा. झाकीर रिमोट मागायला आला होता, त्याला बसवलं. उजवीकडं पंचावन्न, डावीकडं पंचावन्न. मी बसलो. साठ, साठ. पुन्हा तात्या.

"राहू दे की आता," तात्या म्हणाले. "तसंच उडीवतो मी."

त्यांनी पुन्हा वळसा धरला. मी मागं उभा होतो, झाकीर दारात. पट्टी मागं गेली असणार, वळायची वेळ झाली होती. तात्यांनी हात किंचित डावीकडं घेतला आणि थांबले. आईची मान सुपात होती. शेंग फोडता फोडता, वर न बघता ती म्हणाली,

"वळा. मोकळं हाय डावीकडं."

झाकीर खो खो हसला. "मावशी, आभाळात कोण आडवं येणाराय?"

मी हसलो नाही. आईचा हात शेंगेवर थांबला होता. तात्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि उठले. दारापर्यंत जाऊन मला काहीतरी सांगायला वळले. पाय वळले, कंबर वळली, खांदे वळले आणि त्यांच्याबरोबर मान वळली, एकाच वेळी. "सेल काढून ठेव, उतरतील," एवढंच म्हणून बाहेर गेले.

वर्षभर मी त्या माणसासमोर जेवायला बसत होतो. डावीकडं ठेवलेला तांब्या घ्यायला ते सगळे वळायचे, हे मला रोज दिसलं होतं आणि एकदाही कळलं नव्हतं. मला लाज वाटली. ती आजही वाटते.

झाकीर गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो.

"कधीपासून?"

आईनं सूप खाली ठेवलं. "गेल्या साली उन्हाळ्यात मान धरली. वाटलं जाईल. मिरजंच्या डॉक्टरनं फोटू काढला. मणकं जाम झाल्यात म्हणं. डावीकडं वळणार न्हाई आता, हाय तेवढी सांभाळा."

"आणि तू म्हणून गाडीवर जायला लागलीस."

"मग काय करू? मी हाय की डोळा ठिवून."

"तुला एखाद्या दिवशी ताप आला तर?"

"आल्ता. दिवाळीमागनं. तशीच गेले." मग ती म्हणाली, "जानेवारीत एक सायकलवालं पोरगं आलं डावीकडनं. तवा मी मागं बघितलं हुतं. एका लेकराची बाटली पडली म्हून बघितलं, तेवढंच. मी वरडले, ह्येनी ब्रेक दाबला. चाकापासनं एवढ्यावर." तिनं वीत दाखवली. "तवापास्नं मी मागं बघत न्हाई."

त्या व्हॅनमध्ये अकरा पोरं असायची. नव्या गाडीत सतरा असणार होती.

"कुणाला बोलू नगंस," आई म्हणाली. "आन् त्येंना तर न्हाईच न्हाई. नव्या गाडीत जीव हाय त्येंचा. ती गेली तर माणूस अंथरूण धरंल रं."

रात्री मला जेवण गेलं नाही. तात्यांनी मात्र दोन भाकरी खाल्ल्या आणि काचेवर 'आईसाहेब प्रसन्न' लिहू या म्हणाले. आईनं पहिल्यांदाच भांडण केलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो त्रिकोण पुन्हा तात्यांच्या पांढऱ्या टोपीवर बसवला आणि कॉम्प्युटर लावला. त्या प्रोग्रॅममध्ये एक रेघ असते. खरं डोकं किती वळलं की पडद्यावरचं डोकं किती वळवायचं, ते त्या रेघेवर ठरतं. डावीकडची रेघ मी उभीच्या उभी ओढली. खरे दहा अंश म्हणजे विमानात एकशेवीस. मग हाक मारली.

"तात्या, एक रेघ ओढून यंत्रातला घोळ काढला. बसा."

ते माझ्याकडं जरा वेळ बघत राहिले. मग पांढरी टोपी घालून बसले. आई आली नाही, पण स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली होती.

विमान वर गेलं. तात्यांनी वळसा धरला. पट्टी डावीकडं सरकत गेली, पडद्याबाहेर गेली.

"आता बघा डावीकडं. जेवढं जमतं तेवढंच."

त्यांनी मान वळवली. अगदी जराशी, कुणी बाजूनं हाक मारल्यावर आपण वळवतो त्याहून कमी. आणि पडद्यावर डावी खिडकी आली, पंख आला, पंखाच्या मागं शेपूट आणि शेपटीच्या पलीकडं उन्हात ती पांढरी पट्टी, टोकासकट.

"दिसलं," ते म्हणाले. "आरं, सगळं दिसलं!"

पुन्हा समोर बघितलं, पुन्हा डावीकडं. चार-पाच वेळा नुसतेच बघत राहिले, लहान पोरानं फुंकर मारून भिंगरी फिरवावी तसे. मग वेळेवर वळले. खाली आले, थोडे आपटले, थांबले. कुणीही 'वळा' न म्हणता त्यांनी उतरवलेलं ते पहिलं विमान.

मी वाट बघत होतो. काय बोलायचं ते मी रात्रभर ठरवलं होतं.

तात्यांनी आपला जाड तळवा टेबलावर ठेवला. "डावीकडची रेघ वडलीस न्हवं?"

"होय."

"किती वळती माझी?"

"अकरा अंश."

"माणसाची किती वळती?"

"साठपर्यंत."

ते पडद्यावरच्या थांबलेल्या विमानाकडं बघत होते. "ही अशी रेघ," त्यांनी विचारलं, "गाडीत बशीवता येती का रं?"

मी नाही म्हणालो. त्याहून जड शब्द मी आयुष्यात दुसरा बोललेलो नाही.

"मग झालं," तात्या म्हणाले. टोपी काढून मांडीवर ठेवली, तीन दिव्यांवरून अंगठा फिरवला. "एकतीस वर्सं ओरखडा न्हाई, एकतीस वर्सं ओरखडा न्हाई. सांगून सांगून त्येचीच भीती बसली मला. तुझी आई व्हती म्हून निभावलं. न्हाईतर ते सायकलवालं पोरगं..." त्यांनी डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. मग जरा वेळानं स्वयंपाकघराकडं तोंड करून, सगळे वळून, हाक मारली. "ऐकलंस का? नवी गाडी नगं म्हून कळवायचं. च्या टाक."

आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा जुनी व्हॅन मी चालवायला घेतली होती. क्लासच्या वेळा दुपारच्या करून घेतल्या. पहिल्या दिवशी तात्या फाटकात उभे राहिले. टायर बघितले, हॉर्न वाजवून बघितला, माझा आरसा दोनदा हलवला आणि पुन्हा होता तसाच केला.

"आरशावर इसंबून ऱ्हाऊ नगंस," ते म्हणाले. "मान वळीव. वळती तवर वळीव."

आई नेहमीसारखी पुढं शेजारी बसली. पहिल्या चौकात डावीकडं वळायचं होतं. मी मान वळवून बघितलं, तोवर तिच्या तोंडून गेलंच, "मोकळं हाय." पुढच्या चौकात पुन्हा तेच. आठवडाभर असंच चाललं. ती सांगायची, मी तरीही बघायचो आणि मी बघतोय का, हे ती बघायची.

दुसऱ्या सोमवारी तिनं पुढचं दार उघडलंच नाही. पदर खोचून मागं चढली आणि पोरांच्या मधे बसली. मी गाडी काढली. चौक आला, गेला. मागून आवाज नाही. मग मला ऐकू आलं, त्या कुजबुजणाऱ्या चिमुरडीला आई विचारत होती,

"तुजं नाव काय गं बाय?"

वर्षभर रोज दोनदा तिनं ज्या पोरीला हाताला धरून गाडीत चढवलं होतं, तीच ही.